पळत्या पोट्ट्यांच्या टाचा धरणारा कुत्रा : बंद होतं आणि सुट्ट्या लागल्या की पुन्हा सुरू होतं

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. घरात जर्मन शेफर्ड, बॉर्डर कॉली, कॉर्गी, नाहीतर यांच्यातलं काहीतरी मिश्रण. मोठ्या माणसांशी गुणी. लहान मूल बसून चित्रं रंगवत असेल तोवर हा शेजारी पाय पसरून झोपलेला. मूल उठून पळालं की हा मागे. आधी गोल फेरी घेऊन वाट अडवतो, मग खांद्याने ढकलतो, मग टाच, पोटरी किंवा फ्रॉकची झालर दातात. मूल किंचाळतं, आपटतं, घरचे कुत्र्यावर ओरडतात, आणि पुढचे काही दिवस तो जरा दबून राहतो. सुधारला असं वाटायला लागतं तोच मे महिना उजाडतो, पुण्या-मुंबईहून भाचे-पुतणे नागपुरात उतरतात, आणि गच्चीवर पुन्हा तोच तमाशा.

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, माझ्याकडे कुत्र्यांना शिकवून घ्यायला जे लोक येतात त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "भाऊ, मधे बंद झालं होतं हो." मी ते तिथेच अडवतो. बहुतेक वेळा बंद काहीच झालेलं नसतं. पळणारं मूल समोर नव्हतं, एवढंच.

आधी हे काय आहे ते ओळखा

कुत्र्याच्या शिकारीची एक साखळी असते : हेरणं, नजर रोखणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, पकड, आणि शेवटी मारणं. मेंढ्या-गुरं हाकणाऱ्या जातींमध्ये माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून या साखळीचा सुरुवातीचा भाग ठळक केला आणि शेवटचा दाबला. बॉर्डर कॉली ही इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची जात. ती मेंढीला नजरेने हलवते. वेल्समधल्या बाला गावी 1873 साली मेंढ्या हाकण्याची स्पर्धा झाली होती, म्हणजे ही कला किती जुनी आणि किती घासूनपुसून घेतलेली आहे ते बघा. कॉर्गी गुरांची टाच चावून पुढे पिटाळतो आणि बैलाची लाथ चुकवायला आखूड पायांवर खाली बसतो. जर्मन शेफर्डचं काम आणखी वेगळं. जर्मनीत कुंपण नसलेल्या पिकांच्या मधल्या पट्ट्यांत मेंढ्या चरायच्या, आणि हा दिवसभर पिकाच्या कडेने येरझारा घालत जिवंत कुंपण व्हायचा. ओळ सोडून जाणाऱ्या मेंढीला पकडून परत आत. माक्स फॉन श्टेफानित्झ याने 1899 मध्ये या जातीची संस्था काढली तीच कामाचा कुत्रा डोळ्यांसमोर ठेवून.

आता तुमच्या गच्चीकडे बघा. सहा पोट्टे पकडापकडी खेळताहेत, शेफर्ड कडेकडेने फिरतोय, आणि घोळक्यातून जो सटकतो नेमका त्याचीच पँट धरतोय. त्याला मुलांचा राग आलेला नाही. तो खेळतही नाहीये. तो कामावर आहे, आणि ते काम त्याला कोणी दिलेलं नाही.

म्हणून दोन्ही लोकप्रिय निदानं मला पटत नाहीत. आजी म्हणते, "खेळतो बिचारा, खेळू दे." ओळखीतला कोणीतरी म्हणतो, "तो स्वतःला टोळीचा नायक समजतो, एकदा आपट त्याला." हे दुसरं निदान लांडग्यांवरच्या जुन्या अभ्यासातून पसरलं. कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांचं वागणं रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये मांडलं होतं. ही कल्पना ज्यांच्यामुळे पुढे घरोघरी पोचली त्या डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एवढंच असतं. पण आपल्याकडे आपटाआपटी अजून चालूच आहे.

एक चाचणी मात्र आधी करा. मूल स्थिर बसलेलं असताना, जेवताना, नाहीतर कुत्र्याजवळून नुसतं चालत जाताना तो गुरगुरतो का? अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, तोंड वळवून ओठ चाटत राहतो का? असं असेल तर प्रश्न हाकण्याचा नाही. ती भीती आहे, दुखणं आहे, किंवा ताटली-जागेची राखण आहे. त्यावर खालचे उपाय पुरणार नाहीत. आपल्याकडे गोचिड बारा महिने, गोचिडतापाने अंग दुखणारा कुत्रा हात लावला तरी खेकसतो. शेफर्डच्या खुब्याचं दुखणं, कानातला संसर्ग, ही सगळी कारणं आधी तपासून घ्या. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येतं, किंवा नेहमीचे डॉक्टर आहेतच. आणि एक जाता जाता : गोचिडांसाठी कोणीतरी सांगितलेलं आयव्हरमेक्टिन हे औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. कॉली वंशातल्या बऱ्याच कुत्र्यांना एका जनुकीय दोषामुळे ते जास्त मात्रेत झेपत नाही, आणि त्याने जीव जाऊ शकतो.

परत का येतं

पाठलाग हेच बक्षीस आहे. मुख्य कारण हेच. सोफ्यावर चढणाऱ्या कुत्र्याला सोफ्यावर मऊ लागतं म्हणून तो चढतो, तसं इथे पळत्या मुलामागे धावण्यातच त्याला मजा मिळते. तुमची शाबासकी लागत नाही, बिस्कीट लागत नाही. तुम्ही ओरडता तेव्हा पाठलाग होऊन गेलेला असतो, मूल थांबलेलं असतं, म्हणजे त्याच्या हिशेबाने काम फत्ते. ओरडणं मजुरीनंतर आलं. दर वेळी एक पाठलाग झाला की सवय एक पदर जाड होते. आठवडाभर छान शिकवून रविवारी पाहुण्यांच्या मुलांमागे मनसोक्त धावू दिलंत, तर आठवडा वाया.

दुसरं कारण जागेचं. हॉलमध्ये "स्टे" शिकलेला कुत्रा गच्चीवर "स्टे" शिकलेला नसतो. कुत्रे जागा, वेळ आणि माणसं यांच्यासकट धडा लक्षात ठेवतात. हॉलमध्ये, पंख्याखाली, तुमच्या एकुलत्या एका शांत मुलीसमोर तो पास झाला. त्याला परीक्षा मात्र संक्रांतीला द्यायची असते, गच्चीवर दहा मुलं, वर पतंग, आणि चारी बाजूंनी "ओऽऽ काट".

वयाचाही भाग आहे. पिल्लू असताना काहीच नव्हतं, सात-आठ महिन्यांचा झाला आणि एकदम सुरू झालं, असं लोक सांगतात. साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत या जातींची हाकण्याची ओढ जागी होते. त्यात कुत्रा बिघडला असं काही नाही.

आणि व्यायामाचा गैरसमज. "थकवलं की शांत होईल" म्हणून रोज तासभर चेंडू फेकणारे, स्कूटरला साखळी बांधून रिंग रोडच्या कडेने पळवणारे लोक मी बघतो. चेंडू फेकणं म्हणजे हलत्या गोष्टीमागे सुसाट धावण्याचा रोजचा सराव. कुत्रा थकत नाही, त्याचा दम वाढतो. शिवाय मे महिन्यात पारा 45 च्या वर जाणाऱ्या शहरात दुहेरी केसांच्या कुत्र्याला असं पळवणं हा उष्माघाताला दिलेलं आमंत्रण आहे. संध्याकाळी सातलाही डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू टेकवून बघा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही. उन्हाळ्यात पहाटेचं फिरणं, आणि तेही हुंगत-हुंगत, सैल पट्ट्यावर. दुपारी कूलरसमोर गोणपाटाच्या घड्यांत फुटाणे लपवून शोधायला लावा. वीस मिनिटं नाक चाललं की तो जो गाढ झोपतो तसा चेंडूने झोपत नाही. झोपही मोजा. मोठ्या कुत्र्याला दिवसभरात बारा-चौदा तास लागतात, पिल्लाला त्याहून बरीच जास्त. सुट्टीतल्या भरल्या घरात ती मिळत नाही, आणि अर्धवट झोपलेला शेफर्ड किरकिऱ्या पोरासारखाच वागतो.

पहिलं काम : सराव बंद

शिकवणं नंतर. आधी अशी व्यवस्था लावा की पाठलाग होऊच शकणार नाही. हा भाग कंटाळवाणा आहे, आणि लोक हाच गाळतात.

मुलांची धावपळ चालू असेल तेव्हा कुत्रा एकतर आडोशाच्या पलीकडे, नाहीतर तुमच्या हातातल्या दोरीवर. तिसरा पर्याय नाही. दारात कमरेएवढं फाटक बसवा. सुताराकडून लाकडी पट्ट्यांचं करून घेतलं तरी चालतं, फक्त दोन पट्ट्यांत लहान मुलाचं डोकं अडकेल एवढी फट नको. पूर्ण दार लावून घेतलं की आतून भुंकणं आणि दार ओरबाडणं सुरू होतं, फाटकातून दिसत राहिलं की बरेच कुत्रे निवतात. काहींचं उलट असतं : दिसलं की नजर रोखून तासभर उभेच. तुमचा असा असेल तर फाटकावर चादर टाका.

घरात एक हलकी, दहा-बारा फुटांची सुती दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, लावून ठेवा, मुलं आणि मोठं माणूस दोन्ही घरात असताना. गळपट्ट्याला लावू नका, झटका मानेला बसतो. दोरीवर पाय ठेवला की पाठलाग सुरू व्हायच्या आत थांबतो, ओरडावं लागत नाही. मूल रांगतं असेल तर दोरी नको, पायात अडकते. तिथे फाटकच.

पाच-सहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रा एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय नकोत. मोठं माणूस म्हणजे बघणारं माणूस. मोबाईलमध्ये मान घातलेला मामा मोजायचा नाही.

मग शिकवणं

"जागेवर" हा शब्द मी आधी शिकवतो. जुनी सतरंजी किंवा गोणपाट चौकोनी घडी करून ठेवा. सुरुवातीला तो तिथे नुसता गेला तरी चिकनचा बारीक तुकडा, शाकाहारी घरात पनीर. मग बसला की, मग आडवा झाला की. त्यानंतर खरी गोष्ट : एक कुल्ला जमिनीला टेकला, हनुवटी पंजावर आली, एक लांब श्वास सुटला, की हळूच तुकडा पंजांमध्ये ठेवा. मोठ्याने "गुड बॉय" नाही, टाळ्या नाहीत, तो उठून बसेल. हुकुमाने आडवा पडलेला आणि स्प्रिंगसारखा ताणलेला कुत्रा शांत नसतो, दाबलेला असतो. तुम्हाला सैल पडलेला कुत्रा हवा आहे.

सतरंजीवर तो घरात सैलावायला लागला की मूल आणा, पण चालतं. मग भरभर चालतं. मग दोन उड्या. मग खोलीच्या पलीकडच्या टोकाला थोडं पळणं. एका पायरीवर तो सतत सैल असेल तेव्हाच पुढची. या सगळ्यात मुलाचा कंटाळा कुत्र्याच्या आधी येतो, म्हणून पाच मिनिटांत आटपा.

बाहेरचा अर्धा भाग ग्राउंडवर. संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात तिथे जा, आणि इतकं लांब उभे राहा की कुत्रा मुलांकडे बघू शकतो आणि तुमच्या हातातलं चिकनही खाऊ शकतो. अंतर फुटांत विचारू नका. त्याचं तोंड सांगतं. खात नसेल, किंवा हातातून ओरबाडून बोटासकट घेत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे व्हा. एखाद्या कुत्र्याला ग्राउंड ओलांडून पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी न्यावं लागतं. लाज वाटायचं कारण नाही.

आता त्याच्याकडे नीट बघत राहा. मुलगा धाव घेतो. कुत्र्याचे कान पुढे येतात, मान वळते. इथवर ठीक. यानंतर एक क्षण असा येतो की तोंड मिटतं. धापणारी जीभ आत जाते, डोकं खांद्यांच्या रेषेत खाली येतं, शेपटी लोंबते आणि स्थिर होते, कधी एक पुढचा पाय हवेत थबकतो. तोंड मिटलं की गाडी सुटायला आली. तुमचं "येस" त्याच्या आधी पडायला हवं : त्याने मुलाकडे पाहिलं, "येस", तुकडा. पाहिलं, "येस", तुकडा. काही दिवसांत तो मुलाकडे बघून आपणहून तुमच्याकडे वळून विचारायला लागतो, "पाहिलं बरं का, दे." ही वळण्याची सवय म्हणजे सगळं काम. ती पक्की झाली की दहा पावलं जवळ या. "येस" चुकलं आणि त्याची नजर रोखली गेली तर हाका मारू नका, दोरी ओढू नका. मध्ये उभे राहून नजर तोडा, वळवा आणि लांब चला.

ट्रॅफिक पार्कच्या बाहेरचा फुटपाथ, शाळा सुटायची वेळ, फुटाळा तलावावरची रविवारची गर्दी, हे सगळं फार पुढचं. त्याची घाई करणारेच दोन महिन्यांनी "पुन्हा सुरू झालं" म्हणत येतात.

एक छोटी युक्ती ज्यांचा कुत्रा तोंडात वस्तू धरून मिरवतो त्यांच्यासाठी : मुलं खेळायला लागायच्या आधी त्याला त्याचा आवडता दोर-खेळणं तोंडात द्या. तोंड भरलेलं असलं की टाच धरता येत नाही. हा इलाज नव्हे, पण एक संध्याकाळ निघते.

मुलांना काय सांगायचं

"पळू नको, ओरडू नको" हे चार वर्षांच्या मुलाला सांगून काही होत नाही. काय करायचं नाही यापेक्षा काय करायचं ते सांगा. आपल्याकडे स्टॅच्यू सगळ्यांना येतो. कुत्रा मागे आला की "स्टॅच्यू" : पाय जुळवलेले, हात काखेत, नजर स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे. हलणारं काही उरलं नाही की बहुतेक वेळा कुत्र्याचं कामच संपतं. हे कुत्र्याशिवाय खेळून घ्या. बाबांनी कुत्रा व्हायचं, भुंकत यायचं, पोरं हसून लोळतात आणि शिकतात. घरी आलेल्या प्रत्येक मुलाशी दाराशीच एकदा खेळून मग आत घ्या. फक्त हा बचाव आहे, पहारा नाही. दोन-तीन वर्षांचं मूल कुत्र्याला बघून स्टॅच्यू होईल या भरवशावर राहू नका.

झोपलेल्या, खाणाऱ्या आणि सतरंजीवरच्या कुत्र्याला कोणी हात लावायचा नाही. सतरंजी ही त्याची सुटका आहे हे मुलांइतकंच पाहुण्या आत्याबाईंनाही सांगावं लागतं, कारण "काही करत नाही गं, बस त्याच्यावर" म्हणणाऱ्या त्याच असतात.

जे करू नये

तोंड दाबून धरणं, नाकावर चापट, कुत्र्याला उताणं पाडून दाबणं, काट्यांचा गळपट्टा, विजेचा झटका देणारा गळपट्टा. यातलं काहीही केलं की आवाज बंद होतो, म्हणून ते लागू पडल्यासारखं वाटतं. पण कुत्रा जो हिशेब मांडतो तो असा की मूल जवळ आलं की मला दुखतं. ज्याला मुलांबद्दल काही वाकडं नव्हतं त्याला तुम्ही दिलंत. गुरगुरण्यावर शिक्षा तर कधीच नाही. गुरगुर बंद करून घेतलेला कुत्रा पुढच्या वेळी थेट चावतो.

दात लागलेच तर

नुसता ओरखडा असला, कुत्रा घरचा आणि लस घेतलेला असला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा आणि मुलाला डॉक्टरांकडे न्या. तिखट, हळद, चुना काही भरू नका. रेबीजची लस लागेल का, धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, हे त्यांनी ठरवायचं. कातडी फाटली असेल तर त्या दिवसापासून घरगुती शिकवणी थांबवून वर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्याचा सल्ला घ्या, आणि कुत्र्याला जाळीचा मझल (तोंडावर बांधायची मुसकी) घालायची सवय हळूहळू, खाऊ देत लावा. मझल घातलेला कुत्रा बघून शेजारी काय म्हणतील याची फिकीर करणारे लोक मला समजत नाहीत.

पुन्हा सुरू झालंच तर

सगळं पहिल्यापासून करायची गरज नसते. शेवटची जी पायरी त्याला सैलपणे जमत होती तिथे परत जा, काही दिवस तिथेच राहा, आणि मधल्या काळात पाठलाग एकदाही होऊ देऊ नका. दुसऱ्यांदा वर चढणं पहिल्यापेक्षा लवकर होतं.

काही दिवस मात्र शिकवणीचे नसतातच. तान्हा पोळा घ्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण. पोट्टे सजवलेले लाकडी बैल दोरीने ओढत धावताहेत, चाकं खडखडताहेत, आणि बाहेर मारबत-बडग्यांच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, "घेऊन जा गे मारबत" चा गजर. गुरं हाकण्यासाठी घडवलेल्या कुत्र्यासमोर याहून मोठं आमिष नाही, आणि कितीही शिकलेला असला तरी त्याला तिथे नेऊन परीक्षा घेऊ नये. त्या दिवशी पहाटे लांब फिरवून आणा, मागच्या खोलीत कूलर किंवा पंखा मोठ्या आवाजात लावा, चघळायला काहीतरी द्या, आणि दाराला नुसती कडी नको, बाहेरून कुलूप लावा, कारण बैल दाखवायला आलेलं एखादं पोर दार उघडतंच. किल्ली खिशात ठेवा आणि बैल घेऊन आलेल्या पोरांना बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, वाटायला फाटकाबाहेर तुम्हीच जा.